पास कोणासाठी, हिशेब कोणाचा?

मार्च महिना सरत आला की पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत परदेशप्रवासाच्या बेतांना आकार येऊ लागतो. कोणाचा मुलगा म्युनिकला नोकरीस आहे, कोणाची कन्या टोकियोत संशोधन करीत आहे, तर कोणी तीस-पस्तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झालेले दांपत्य भविष्यनिर्वाह निधीतील काही भाग बाजूला ठेवून युरोप पाहण्यास निघालेले आहे. एके काळी अशा प्रवाशापुढचा पहिला प्रश्न परकीय चलनाचा असे. ती चणचण १९९१ नंतरच्या दशकात ओसरली. आज व्हिसाच्या खालोखाल ज्या प्रश्नावर घरोघर खल चालतो, तो वरकरणी अगदी किरकोळ आहे : तिकडे पोहोचल्यावर आगगाडीचा पास काढावा की तिकिटे घ्यावीत, आणि पास काढायचाच तर कोणता?

प्रश्न किरकोळ वाटला तरी त्यात गुंतलेली रक्कम किरकोळ नसते. दोघांच्या पासाला लागणारे पैसे अनेक घरांत दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढे असतात. शिवाय हा प्रश्न केवळ प्रवाशाच्या खिशाशी संबंधित नाही. कोणते सरकार कोणत्या माणसासाठी प्रवास स्वस्त करते, आणि कोणाला त्यातून वगळते, याचे उत्तर पासाच्या नियमांत दडलेले असते. ते नियम नीट वाचणारा प्रवासी परदेशातील पैसे तर वाचवीलच. पण परत आल्यावर स्वतःच्या शहरातील पासाकडेही तो निराळ्या दृष्टीने पाहू लागेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

आपल्याकडे पास म्हणजे सवलत अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक पास हा एक करार असतो. प्रवासी आगाऊ पैसे मोजतो आणि त्याबदल्यात वाहतूक संस्था त्याला ठरावीक मुदतीत, ठरावीक गाड्यांतून, ठरावीक अटींवर फिरू देते. हा करार लाभाचा की तोट्याचा, हे पासाच्या किमतीवरून कळत नाही. ते पास कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने काढला यावरून कळते. या कसोटीवर जगातील पासांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात : पाहुण्यांसाठीचे पास, नागरिकांसाठीचे पास आणि ज्यात आगाऊ निवड करावीच लागत नाही अशी भाडेकार्डे.

पाहुण्यांचे पास

पहिल्या वर्गाचे ठळक उदाहरण जपानचे. तेथील 'जपान रेल पास' १९८१ मध्ये, रेल्वे सरकारी असताना, सुरू झाला. १९८७ मध्ये त्या रेल्वेचे विभाजन होऊन सहा प्रवासी कंपन्या अस्तित्वात आल्या. पण परदेशी पाहुण्यांसाठी त्यांनी हा पास संयुक्तपणे चालू ठेवला. साध्या वर्गाचा सात दिवसांचा पास पुष्कळ काळ तीस हजार येनांच्या आत मिळे. टोकियो ते क्योतो हा शिंकान्सेनचा एकेरी प्रवास साधारण चौदा हजार येनांचा. म्हणजे जाऊन-येऊन एवढा एकच प्रवास केला तरी पास जवळजवळ वसूल होई. ऑक्टोबर २०२३ मध्ये हीच किंमत २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेली. टोकियो-क्योतो-टोकियो एवढाच बेत असणाऱ्याला आता तो पास सरळसरळ महाग पडतो.

एवढी वाढ का झाली असावी, हे समजण्यास फार खोलात जावे लागत नाही. पाहुण्यांचा पास हा आमिषाचा पास असतो. पाहुणे हवे असतात तोवर तो स्वस्त असतो. येन घसरलेला, महासाथीनंतर पर्यटकांची रीघ पुन्हा लागलेली, अशा वेळी आमिषाची निकड उरत नाही. म्हणून अशा पासाविषयी पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा सल्ला, तो कितीही आपुलकीचा असला तरी, आज उपयोगाचा नसतो.

या पासाच्या दोन अटी विशेष ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, तो अल्पकालीन भेटीवर आलेल्या परदेशी प्रवाशालाच मिळतो. टोकियोत राहणाऱ्या भारतीय कन्येला तो मिळत नाही. आईवडील पासावर आणि मुलगी तिकिटावर, असा हिशेब त्या कुटुंबाला करावा लागतो. दुसरी अट म्हणजे, सर्वांत वेगवान अशा 'नोझोमी' गाडीत हा पास एरवी चालतच नसे. २०२३ पासून चालतो, पण वेगळा आकार भरून. पासधारकाने फलाटावर येईल त्या गाडीत चढू नये, हा धडा त्यातून निघतो.

युरोपातील परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. 'युरेल' पास १९५९ पासून युरोपाबाहेरच्या रहिवाशांसाठी आहे, तर 'इंटररेल' १९७२ पासून युरोपातील रहिवाशांसाठी. येथे राष्ट्रीयत्व नव्हे, तर वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे पुण्याहून गेलेले वडील युरेलवर आणि म्युनिकचा रहिवासी झालेला त्यांचा मुलगा इंटररेलवर, एकाच डब्यात शेजारी शेजारी बसलेले दिसू शकतात. तेहतीस देशांत चालणाऱ्या युरेलच्या व्यापक पासात साठ वर्षांवरील प्रवाशाला दहा टक्के सूट आहे, सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना निराळा दर आहे आणि बारा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर मोफत प्रवास आहे.

येथे एक गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही. आपल्या रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के व साठ वर्षांवरील पुरुषांना चाळीस टक्के, मार्च २०२० मध्ये महासाथीच्या निमित्ताने थांबविण्यात आली. महासाथ संपली, सवलत परतली नाही. पुण्यातील निवृत्त शिक्षकाला व्हिएन्नाच्या गाडीत वयाचा मान मिळतो आणि नागपूरच्या गाडीत मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. रेल्वेला ती सवलत आर्थिकदृष्ट्या जड जात होती, हा युक्तिवाद समजू शकतो. पण मग उत्पन्नाच्या मर्यादेत का होईना ती चालू ठेवता आली असती काय, याचा विचार व्हावयास हवा होता.

युरेलविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की, पास हाती आला म्हणजे प्रवासाचा खर्च संपला. फ्रान्समधील वेगवान गाड्या, इटलीतील वेगवान गाड्या, इंग्लिश खाडीखालून जाणारी युरोस्टार, या सर्वांत पासधारकालाही आरक्षण सक्तीचे आहे आणि त्या आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा संपल्या, तर पास खिशात असूनही गाडी चुकते. शहरातील मेट्रो, ट्राम व बस यांना हा पास सामान्यतः लागू नाही. याउलट जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या देशांत बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. तेथे पासाचा खरा उपयोग होतो. तात्पर्य, पास चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या देशात, असे विचारावे लागते.

स्वित्झर्लंडचेच उदाहरण घेऊ. तेथील 'स्विस ट्रॅव्हल पास' आगगाडी, बस, सरोवरातील बोटी व शहरातील वाहतूक यांना चालतो. शेकडो संग्रहालयांत त्यावर प्रवेशही मिळतो. परंतु मराठी पर्यटक ज्या युंगफ्राउयोखसाठी हमखास जातो, तेथील वरच्या टप्प्याच्या पर्वतरेल्वेवर या महागड्या पासाने केवळ पंचवीस टक्के सूट मिळते. त्याहून कितीतरी स्वस्त असे महिनाभराचे 'अर्धे भाडे कार्ड' मात्र तेथे पन्नास टक्के सूट देते. ज्याचा मुक्काम एकाच गावी आहे आणि जो दोन-तीन शिखरेच पाहणार आहे, त्याने नावात भारदस्त असलेला पास घेऊन पदरचे पैसे का घालवावेत?

नागरिकांचे पास

दुसरा वर्ग नागरिकांच्या पासाचा. २०२२ च्या उन्हाळ्यात, युक्रेन युद्धामुळे इंधन महागले असता, जर्मनीने जून, जुलै व ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी महिना नऊ युरोंत देशभरच्या स्थानिक व प्रादेशिक वाहतुकीचे तिकीट दिले. त्या प्रयोगातून मे २०२३ पासून एकोणपन्नास युरोंचा मासिक पास जन्मास आला. तो बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि प्रादेशिक गाड्या यांना देशभर चालतो. दूर पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही. त्याला वास्तव्याची अट नाही. म्हणजे मुलाकडे दोन महिने राहण्यास गेलेले आईवडीलही तो घेऊ शकतात, आणि त्यांच्यासाठी बहुधा याहून चांगला पास नाही. फक्त दोन पथ्ये पाळावीत. तो महिन्याच्या पंधरा तारखेला घेतला तरी महिनाअखेरीसच संपतो. आणि तो वर्गणीच्या स्वरूपाचा असल्याने ज्या महिन्यात थांबवायचा त्याच्या दहा तारखेपर्यंत तसे कळवावे लागते. हे विसरणाऱ्याच्या खात्यातून तो पुण्यास परतल्यावरही पैसे वळते होत राहतात.

या पासाची किंमत जानेवारी २०२५ मध्ये अठ्ठावन्न युरो व जानेवारी २०२६ मध्ये त्रेसष्ट युरो झाली. व्हिएन्ना शहराने २०१२ मध्ये वार्षिक पास तीनशे पासष्ट युरोंचा, म्हणजे दिवसाला एक युरो या हिशेबाने, केला होता. त्यालाही २०२६ च्या आरंभी वाढ सोसावी लागली. नागरिकांचे पासही महाग होतात, हे यावरून दिसते. पण फरक असा की, तेथे ही वाढ राजकीय चर्चेचा विषय होते. जर्मनीत केंद्र सरकार व घटक राज्ये यांनी दरवर्षी प्रत्येकी दीड अब्ज युरो घालून हा पास पेलला आहे आणि त्या ओझ्याची वाटणी कशी करावी यावर तेथे उघड वाद झडले आहेत. स्वस्त प्रवास फुकट होत नसतो. त्याची किंमत कोणी तरी मोजत असतो, हे तेथील मतदारास ठाऊक आहे.

ज्यात निवडावे लागत नाही

तिसरा वर्ग भाडेकार्डांचा. हाँगकाँगचे 'ऑक्टोपस' १९९७ मध्ये, जपानचे 'सुइका' २००१ मध्ये आणि लंडनचे 'ऑयस्टर' २००३ मध्ये आले. ही कार्डे मुळात केवळ सुट्या पैशांची सोय होती. परंतु त्यांतून दोन मोठ्या सुधारणा पुढे झाल्या, आणि आपल्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली सुधारणा जपानची. तेथे निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी कार्डे होती. मार्च २०१३ मध्ये अशा दहा प्रमुख कार्डांनी परस्परांस मान्यता दिली. कार्ड कोणत्याही कंपनीचे असो, ते दुसरीच्या फाटकावर चालते आणि पैशांची वाटणी कंपन्या मागाहून आपसांत करून घेतात. मात्र कार्डात भरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही. पर्यटकांसाठीच्या 'वेलकम सुइका'ची मुदत अठ्ठावीस दिवसांची आहे आणि त्यातील शिल्लक परत होत नाही. म्हणून त्यात थोडे थोडेच पैसे भरावेत.

दुसरी सुधारणा लंडनची. तेथे प्रवाशाने दिवसभरात कितीही फेऱ्या केल्या तरी कार्डावरून कापली जाणारी रक्कम त्या दिवसाच्या कमाल मर्यादेपलीकडे जात नाही. २०१४ पासून भुयारी रेल्वेत बँकेचे साधे संपर्करहित कार्डही चालते व त्यावर आठवड्याचीही मर्यादा लागू होते. बसने तासाभरात कितीही गाड्या बदलल्या तरी भाडे एकदाच पडते. अट एवढीच की, प्रत्येकाचे कार्ड स्वतंत्र हवे, दिवसभर तेच वापरायला हवे आणि भुयारी रेल्वेत चढताना व उतरताना दोन्ही वेळा ते टेकवायला हवे. आपले भारतीय बँकेचे कार्ड वापरल्यास चलनबदलाचे शुल्क पडते, तेही हिशेबात धरावे.

या व्यवस्थेतील क्रांती अशी की, दिवसाचा पास घ्यावा की सुटी तिकिटे घ्यावीत हा प्रश्नच प्रवाशापुढून नाहीसा झाला. जो हिशेब पूर्वी प्रवासी सकाळी घाबरत घाबरत करीत असे, तो आता संस्थेचे यंत्र रात्री करते, आणि जे प्रवाशाला स्वस्त ते लागू करते. पासाच्या निवडीत चुकण्याचा धोका दुर्बळाकडून सबळाकडे गेला. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत शहरी वाहतुकीत झालेली ही सर्वांत न्याय्य सुधारणा आहे.

या विवेचनातून निवडीचे काही साधे नियम निघतात. प्रथम प्रवासाचा आराखडा कागदावर मांडावा व प्रत्येक टप्प्याचे सुटे तिकीट किती हे लिहावे. पासाच्या किमतीशी तुलना त्यानंतर करावी. जर्मनी, फ्रान्स, इटली येथे महिना-दोन महिने आधी घेतलेली तिकिटे पुष्कळदा पासाहून स्वस्त पडतात. मात्र ती बदलता येत नाहीत. म्हणजे पास घेणारा सवलत विकत घेत नसून बेत बदलण्याचे स्वातंत्र्य विकत घेत असतो. ते स्वातंत्र्य आपण खरोखर वापरणार आहोत काय, हे स्वतःला विचारावे. मोजक्या दिवसांचा पास असेल, तर लांबचे प्रवास त्या दिवसांत बसवावेत व जवळच्या प्रवासाची तिकिटे वेगळी घ्यावीत. आणि 'पास वसूल करण्यासाठी' म्हणून रोज सहा तास गाडीत बसू नये. पास प्रवाशासाठी असतो, प्रवासी पासासाठी नव्हे.

परतल्यावर पुण्यात

आता हाच चष्मा लावून आपल्या शहराकडे पाहू. पासाची परंपरा आपल्याला नवी नाही. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणारा मासिक पासधारकांचा एक वर्गच पुढे तिच्याभोवती तयार झाला. १९७८ पासून धावणाऱ्या पुणे-लोणावळा लोकलवर तळेगाव, देहूरोड, चिंचवड येथील कामगार व विद्यार्थी मासिक आणि त्रैमासिक पासावर ये-जा करीत आले आहेत. राज्य परिवहन महामंडळाची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही चार व सात दिवसांच्या पासाची योजना १९८८ पासूनची आहे. सुटीत ज्या कुटुंबाने त्या पासावर कोकण किंवा विदर्भ पाहिला, त्याने युरेलचे तत्त्व आगाऊच शिकून घेतले होते असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या रेल्वेनेही परकी नागरिकांना व अनिवासी भारतीयांना परकीय चलनात 'इंडरेल' पास विकला. तो आता इतिहासजमा झाला आहे.

प्रश्न शहरातील रोजच्या प्रवासाचा आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या दोन परिवहन संस्था २००७ मध्ये एकत्र होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपी, स्थापन झाले. १ जून २०२५ पासून पीएमपीची भाडेवाढ लागू झाली. पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये, दहा किलोमीटरपर्यंत वीस, पंधरा किलोमीटरपर्यंत तीस, असे टप्पे ठरले. दैनंदिन पास सत्तर रुपयांचा झाला आणि नऊशे रुपयांचा मासिक पास पंधराशे रुपयांवर गेला. विद्यार्थ्यांचा साडेसातशे रुपयांचा पास तेवढा वाढीतून वगळण्यात आला, हे योग्यच झाले.

आता शाळेत त्रैराशिक शिकविणाऱ्या कोणाही शिक्षकाने हिशेब करून पाहावा. कार्यालयापासून आठ-नऊ किलोमीटरवर राहणारा कारकून थेट बसने जात असेल, तर येताजाता चाळीस रुपये, आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एक हजार रुपये होतात. त्याला पंधराशेचा पास पाचशे रुपयांनी महाग पडतो. पंधरा किलोमीटरवरून येणाऱ्याचे पंचवीस दिवसांचे नेमके पंधराशे होतात, म्हणजे एक रजा झाली की त्याचाही तोटा. सत्तर रुपयांचा दैनंदिन पासही या दोघांच्या कामाचा नाही. पासाचा लाभ ज्याला एकाहून अधिक बस बदलाव्या लागतात त्यालाच होतो; कारण आपल्याकडे प्रत्येक नव्या बसमध्ये भाड्याचा पहिला टप्पा पुन्हा नव्याने भरावा लागतो. निराळ्या शब्दांत सांगायचे, तर हा पास नियमित प्रवासाचे बक्षीस उरलेला नसून बस बदलण्याच्या दंडातून मिळणारी सूट झाला आहे.

मेट्रो आल्यावर हा दंड कमी व्हावयास हवा होता. ६ मार्च २०२२ रोजी पुणे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींस मिळाल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. गाड्या स्वच्छ आहेत, वेळेवर आहेत, विद्यार्थ्यांना तीस टक्के सूटही आहे. परंतु मेट्रो ही फाटकापासून फाटकापर्यंत जाते. माणूस मात्र घरापासून कचेरीपर्यंत जातो. समजा, घरापासून स्थानकापर्यंत बसचे दहा, मेट्रोचे वीस आणि पुढे पुन्हा बसचे दहा रुपये पडले. एका वेळचे चाळीस, दिवसाचे ऐंशी, महिन्याचे दोन हजार. मेट्रोच्या कार्डावरील सवलत धरली तरी फार फरक पडत नाही. पीएमपीचा पास मेट्रोच्या फाटकावर चालत नाही आणि मेट्रोची सवलत बसमध्ये मिळत नाही. विद्यार्थ्यालाही दोन्हीकडची सवलत दोनदा मिळवावी लागते.

याच माणसाने दुचाकी काढली तर? रोजचे वीस किलोमीटर, लिटरला पंचेचाळीस किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव लिटरला शंभराच्या थोडा वर धरला, तर महिन्याचा खर्च बाराशेच्या आत राहतो. दुचाकीची दुरुस्ती, विमा, अपघाताचा धोका, धूर हे त्याच्या रोजच्या हिशेबात येत नाहीत. पुणेकर दुचाकीचे वेडे आहेत, असे आपण कौतुकाने किंवा कुत्सितपणे म्हणतो. पण तो वेडा नाही. तो गणित अचूक करतो. गणित चुकीचे आहे ते भाड्यांचे.

हे बदलता येणार नाही असे नाही. देशात एकच प्रवासकार्ड असावे यासाठी राष्ट्रीय सामायिक कार्डाची योजना मार्च २०१९ मध्ये जाहीर झाली आणि पुणे मेट्रोचे कार्डही त्याच धर्तीचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे एका जागी देणारी मोबाईलवरील सोय सुरू झाली. हे स्वागतार्ह आहे. परंतु येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एका जागी तिकिटे मिळणे निराळे आणि संपूर्ण प्रवासाचे एक भाडे असणे निराळे. पहिल्याने रांग वाचते. दुसऱ्याने पैसे वाचतात. आपल्याकडे पहिल्यालाच एकात्मिक वाहतूक म्हणण्याची घाई दिसते.

दुसऱ्याचे मूळ यंत्रात नसून व्यवस्थेत आहे. हॅम्बर्ग शहराने १९६५ मध्ये, जेव्हा संगणकीय कार्डे स्वप्नातही नव्हती, निरनिराळ्या वाहतूक संस्थांचा एक संघ करून सामायिक भाडे लागू केले. प्रवाशाचे तिकीट एक. उत्पन्नाची वाटणी संस्थांनी ठरलेल्या सूत्राने करावयाची. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातही एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरणाची अपेक्षा नमूद आहे. पुण्याला याची निकड अधिक, कारण पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोकडे, तर हिंजवडी-शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या वतीने खासगी भागीदारीत. त्यात पीएमपी आणि रेल्वेची लोकल धरली, तर एका शहरात चार धनी झाले. चौघांचे चार दर आणि हिशेब मात्र एकट्या प्रवाशाने करायचा, ही रीत चालू देता कामा नये.

याला पैसे कोठून येणार, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. पीएमपीची तूट दोन्ही महापालिका आजच भरून काढीत आहेत. सामायिक भाड्याने ती प्रथम वाढेल. पण उड्डाणपुलांवर आणि रस्तारुंदीवर होणारा खर्च हाही दुचाकी-मोटारींना दिलेला एक प्रकारचा पासच आहे. फरक इतकाच की, त्याची किंमत कोणी विचारीत नाही. जर्मनीप्रमाणे आपणही ओझे कोणी किती उचलावे यावर उघडपणे भांडावे. त्यात कमीपणा नाही.

आरंभ म्हणून दोन गोष्टी पुरेशा आहेत. एक, तासाभरात बसमधून बसमध्ये किंवा बसमधून मेट्रोत जाणाऱ्याकडून पहिल्या टप्प्याचे भाडे दुसऱ्यांदा घेऊ नये. दोन, कार्डावरील दिवसाच्या व महिन्याच्या भाड्यास कमाल मर्यादा असावी, म्हणजे रजा घेणाऱ्या कारकुनाला पास बुडाल्याची रुखरुख राहणार नाही. पुढील भाडेवाढीचा प्रस्ताव येईल तेव्हा नगरसेवकांना विचारावयाचा प्रश्न 'किती वाढले' हा नसून 'निवडीचा हिशेब कोण करणार' हा असावा. लंडनच्या यंत्राने तो स्वतःकडे घेतला आहे. पुण्यात तो अजून कात्रजच्या थांब्यावर सुटे पैसे मोजत उभ्या असलेल्या माणसाकडे आहे.